शंभर डॉलरचा लॅपटॉप आणि फडावरची पोरं

२००५ साली निकोलस निग्रोपाँटी यांनी गरीब देशांतील मुलांसाठी शंभर डॉलरच्या लॅपटॉपची घोषणा केली. २००६ साली भारत सरकारने ही योजना नाकारली. तरीही २००७ साली रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराट धनगरवाड्यावर, एकशिक्षकी शाळेतील वीसेक मुलांच्या हाती ही यंत्रे आली. धनगरांची पोरं यंत्राला भ्याली नाहीत, ही गोष्ट नोंदवून ठेवली पाहिजे. पण तो प्रयोग राज्यातल्या सर्व शाळांपर्यंत गेला नाही, आणि यंत्राची किंमतही शंभर डॉलरवर आली नाही.

१८८२ साली जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे रोकडा सवाल टाकला होता : रयतेच्या घामाचा पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर का? खेड्यातील शाळेला चांगला शिकलेला, पुरेशा पगाराचा शिक्षक द्या, अशी त्यांची मागणी होती.

मी गेवराईत शिकवतो. दिवाळीच्या सुमारास इथून ऊसतोडीच्या गाड्या निघतात. आईबापांनी मुकादमाची उचल घेतलेली असते; पोरं फडावर जातात, हजेरीपटावर नुसते नाव उरते. कोपीत राहणाऱ्या त्या पोराचा लॅपटॉप चार्ज कुठे होणार? त्याला शिकवणार कोण?

यंत्राला आमचा विरोध नाही. ज्यांच्या बापजाद्यांना पाटीसुद्धा शिवू दिली नाही, त्यांना ज्ञानाचे प्रत्येक साधन हवे आहे. पण शिक्षक न देता यंत्र देणे म्हणजे फुल्यांचा सवाल टाळणे होय.