बंबात काय जळत होते?

नंदुरबार, शहादा, तळोदा भागातील जुन्या धाब्याच्या घरांत तीन गोष्टी ठरलेल्या असत: छतातले साणे, परसातला उकिरडा आणि न्हाणीजवळचा तांब्याचा बंब. आता साणे बुजते, बंब मोडीत जातो. घरगुती कचऱ्याचा इतिहास शिकवायला आम्हाला बंब सर्वांत सोयीचा वाटतो.

त्याची रचना साधी. पाण्याच्या भांड्यात मधोमध उभी नळी, तळाशी जाळी. वरून जळण टाकायचे, खालून हवा येते, नळी तापून भोवतालचे पाणी गरम होते. वर थंड पाणी ओतले की तोटीतून कढत पाणी पडते. त्यात विकतचे सरपण क्वचित जाई. पऱ्हाट्यांचे तुकडे, तुराट्या, मक्याची बुरकुंडे, नारळाच्या शेंड्या, रद्दी. (मिरचीची देठे मात्र नकोत, सारी आळी खोकेल!) राख भांडी घासायला, उरलेली उकिरड्यावर, तेथून शेतात. तिच्यात पालाश असते.

धूर तेव्हाही निर्दोष नव्हता. डोळे आणि फुप्फुसे बिघडतच. सातपुड्यातल्या घरांत तोच धूर चुलीवर टांगलेल्या कणसांना किडीपासून राखी, ही त्याची दुसरी बाजू.

पुढे प्लॅस्टिक आले आणि सवय तीच राहिली. पिशवीच्या पॉलिथिनमध्ये क्लोरीन नसतो, पण ते अर्धवट जळून काजळी होते. पीव्हीसीत क्लोरीन असतो. त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो आणि मंद, कोंदट आगीत डायॉक्सिनेही तयार होतात. युरोपातील कचराभट्ट्यांत ज्वलनवायू किमान ८५० अंश सेल्सिअसला दोन सेकंद ठेवावे लागतात. बंबाला ते कसे जमणार? शिवाय रंगद्रव्यांतले शिसे, कॅडमियम राखेत उरतात, म्हणजे ती राख शेतालाही चालत नाही.

लॉस एंजेलिसमध्येही घरोघरी परसात कचरा जाळायच्या भट्ट्या होत्या. शहरावरील धुरक्यामुळे, लोकांचा विरोध असूनही, १ ऑक्टोबर १९५७ पासून त्या बंद झाल्या. आपल्याकडे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर मनाई केली. किरकोळ जाळण्यालाही पाच हजार रुपये दंड ठरवला.

वर्गात एक गोष्ट करता येईल. बंबात काय काय टाकत, याची यादी मुलांनी आजीकडून आणावी. दुसरी यादी आजच्या घरच्या कचऱ्याची. ज्या वस्तूची राख शेतात टाकता येईल तिच्यापुढे खूण करायची. पहिली यादी बहुतेक खुणांनी भरते. दुसरीत दुधाच्या पिशवीवर आणि तुटक्या चपलेवर वाद होतो, तो होऊ द्यावा.