गिधाडं कुठं गेली? एका वेदनाशामकाचा इतिहास

मराठीत 'गिधाड' ही शिवी आहे, आणि जटायूपुढं मात्र आपण हात जोडतो. इगतपुरी तालुक्यातल्या टाकेदला तर त्याचं तीर्थच आहे. शिवी टिकली, तीर्थही टिकलं. पक्षी मात्र आपल्या डोळ्यांदेखत गेला. तो कसा गेला, हे आज आपण पाहू.

सुरुवात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानापासून करू. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांनी ऐंशीच्या दशकात तिथल्या गिधाडांची मोजदाद केली होती. नव्वदच्या दशकात पाहतात तर घरटी ओस, आणि उरलेले पक्षी माना टाकून बसलेले. १९९९ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. पुढं देशभरच्या गणनेतून कळलं की १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं ९९.९ टक्क्यांनी घटली. म्हणजे हजारात एक उरलं.

उपासमार म्हणावी, तर मेलेली गुरं होतीच. मग संशय गेला एखाद्या विषाणूवर. काही वर्षं त्याचाच शोध चालला.

उत्तर सापडलं ते सीमेपलीकडं, पाकिस्तानातल्या पंजाबात. लिंडसे ओक्स आणि त्यांचे सहकारी तिथं मेलेली गिधाडं तपासत होते. आतल्या अवयवांवर खडूसारखा पांढरा थर दिसायचा. तो युरिक आम्लाचा. म्हणजे मूत्रपिंडं निकामी झालेली. विषाणू काही सापडेना. तेव्हा त्यांनी प्रश्नच बदलला. गिधाड खातं काय? गुरं. मग गुरांना काय दिलं जातं? पशुवैद्यांकडं आणि औषधांच्या दुकानांत विचारपूस झाली, आणि नाव पुढं आलं डायक्लोफिनॅक. असा थर असलेल्या २५ पैकी २५ गिधाडांत ते सापडलं. थर नसलेल्या १३ पैकी एकातही नाही. हा निबंध २००४ मध्ये 'नेचर'मध्ये आला.

आता इथं जरा थांबू. या गोष्टीत खलनायक कोण? आपलं जनावर दुखण्यानं तळमळतंय, म्हणून शेतकऱ्यानं त्याला स्वस्तातलं इंजेक्शन दिलं. त्यात वाईट काय? पण जनावर त्यानंतर दोन-तीन दिवसांत मेलं, तर औषध मांसात शिल्लक असतं. एका गुरावर डझनावारी गिधाडं तुटून पडतात. आणि मादी वर्षाला अंडं घालते एकच. त्यामुळं शंभरात एखादं गुरूही असं दूषित निघालं, तरी सगळी जात संपायला तेवढं पुरतं. हे गणितही २००४ मध्येच मांडलं गेलं.

परिणाम माणसांपर्यंत आले. उघड्यावरचं मांस कुत्र्यांच्या वाट्याला गेलं, कुत्री वाढली, आणि त्यांच्याबरोबर रेबीजची भीतीही. मुंबईत मलबार हिलच्या डुंगरवाडीत पारशी समाजाला गिधाडांअभावी सूर्यकिरण एकवटणारी उपकरणं बसवावी लागली.

सरकारनं २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदीचं पाऊल उचललं. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना सुरक्षित औषध तोवर ठाऊक झालं होतं. मग प्रश्न मिटायला हवा होता ना? तर नाही. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचू लागल्या. त्या ३ मिलीपर्यंत मर्यादित करायला २०१५ उजाडलं. त्याविरुद्ध कंपन्या न्यायालयात गेल्या. मद्रास उच्च न्यायालयानं २०१७ मध्ये बंधन कायम ठेवलं.

दुसरीकडं ॲसिक्लोफिनॅक विकलं जातच होतं. त्याचं गाईच्या शरीरात गेल्यावर होतं काय? डायक्लोफिनॅकच! म्हणजे पुढच्या दारानं हाकललेलं विष मागच्या दारानं आत. त्यावर आणि किटोप्रोफेनवर बंदी आली २०२३ मध्ये, पहिल्या बंदीनंतर १७ वर्षांनी.

म्हणून या इतिहासातून आपण एक प्रश्न घेऊन जाऊ. प्रत्येक वेळी आपण आधी औषध बाजारात आणलं, मग मेलेली गिधाडं मोजली, मग बंदी घातली. गुरांचं नवं वेदनाशामक गिधाडांना सुरक्षित आहे का, हे विकण्याआधीच तपासायला काय हरकत आहे? पिंजोरसारख्या प्रजनन केंद्रांत पिल्लं वाढवता येतात. पण ती आकाशात सोडल्यावर खाली जे गुरू पडलेलं असेल, ते तरी स्वच्छ हवं.