दुखणं अंगावर काढणं: एक छोटासा इतिहास

मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका मैत्रिणीनं मला स्वयंपाकघरात गाठलं. म्हणाली, "पूर्वी तू प्रत्येक कार्यक्रमात मागे उभी असायचीस. आज दोन तास खुर्चीत बसलीस. काय केलंस?" मी सांगायला सुरुवात केली, तेवढ्यात कोणीतरी तिळगुळाचा डबा न्यायला आत आलं आणि आम्ही दोघी एकदम गप्प झालो. घरी येताना मला त्या गप्प होण्याचाच राग आला. म्हणून हा लेख. विषय बायकांच्या दुखण्याचा आहे. पण पुरुष वाचकांनी पान उलटू नये, ही विनंती. आणखी एक खुलासा. माझ्या नावामागचं 'डॉक्टर' इंजिनिअरिंगचं आहे, औषधांचं नव्हे.

धाकट्या मुलाच्या जन्मानंतर माझ्या ओटीपोटात खोलवर दुखू लागलं. बसलं की वाढायचं. मी दिवसभर संगणकासमोर बसून पोट भरणारी बाई! सोनोग्राफी झाली, रक्त-लघवी तपासून झाली, शेवटी पोटात दुर्बीण घालूनही पाहिलं. सगळं नॉर्मल. आमच्या धंद्यात ग्राहकाची तक्रार आली, की नवखा प्रोग्रामर म्हणतो, "माझ्या मशीनवर तर व्यवस्थित चालतंय." तसंच काहीसं वाटलं.

मग कुठंतरी वाचून मी केगेलचे व्यायाम सुरू केले. ओटीपोटाच्या तळाशी झोळीसारखे स्नायू असतात, त्यांना पेल्व्हिक फ्लोअर म्हणतात. ते आवळायचे आणि सोडायचे, एवढाच तो व्यायाम. मी रीतसर तक्ता करून, एकही दिवस न चुकवता सहा आठवडे तो केला. दुखणं वाढलं. अखेर एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेले. त्यांनी तपासून सांगितलं, "तुमचे स्नायू कमजोर नाहीत, ते सुटतच नाहीत. मूठ दिवसभर आवळून ठेवली तर हात दुखणारच. आणि तुम्ही ती आणखी आवळताय."

हे मला आधी कोणी का सांगितलं नाही? या प्रश्नापायी मी सुट्टीच्या दिवशी वाचनालयात जाऊन जुनी वैद्यकीय नियतकालिकं चाळू लागले.

या उपचारांचा धंदा बायकांनीच उभा केला, तोही लोकापवादाशी झगडून. लंडनमध्ये १८९४ साली मालिशच्या नावाखाली चालणाऱ्या गैरप्रकारांचा गवगवा झाला. तेव्हा चार परिचारिकांनी एकत्र येऊन प्रशिक्षित मालिश करणाऱ्या स्त्रियांची संस्था काढली. डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय मालिश नाही, वैद्यकीय पत्रांखेरीज जाहिरात नाही, असे कडक नियम त्यांनी स्वतःला घालून घेतले. आजची ब्रिटनमधली चार्टर्ड सोसायटी ऑफ फिजिओथेरपी ही तिचीच वारस. ज्या धंद्याला नाव टिकवण्यासाठी इतकं जपून पावलं टाकावी लागली, त्याला शरीराच्या या भागापर्यंत उघडपणे पोचायला वेळ लागला, यात नवल नाही.

आता दोन तारखा. १९३७ साली कॅन्सस सिटीचे डॉक्टर जॉर्ज थीले यांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात माकडहाडाच्या दुखण्यावर लेख लिहिला. त्यांचं म्हणणं असं, की पुष्कळ रुग्णांत दोष हाडाचा नसतो. तळाचे स्नायू आखडलेले असतात. गुदद्वारातून बोट घालून त्या स्नायूंना मालिश केलं की आराम पडतो. म्हणजे माझ्या दुखण्याची किल्ली तेव्हाच कोणाच्या तरी हाती होती!

दुसरी तारीख १९४८. कॅलिफोर्नियातले स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी बाळंतपणानंतर सैल पडलेल्या स्नायूंसाठी व्यायाम मांडला. खोकताना-शिंकताना लघवी सुटणाऱ्या बायकांना त्याचा फार उपयोग झाला आणि आजही होतो. त्यांनी पेरिनिओमीटर नावाचं एक साधन केलं होतं. बाईनं स्नायू आवळले की दाबमापकाचा काटा हलायचा. आज किती, उद्या किती, ते तिला डोळ्यांनी दिसायचं.

केगेलांचं नाव घरोघर पोचलं; थीले तज्ज्ञांच्या कपाटातच राहिले. असं का झालं? मला वाटतं, काट्यामुळे. आम्हा इंजिनिअरांची ही जुनी खोड आहे. ज्याचा आकडा मिळतो तेच सुधारायला घेतो. आवळण्याचा आकडा सहज मिळाला. आखडलेला स्नायू मात्र तपासणाऱ्याच्या बोटालाच कळायचा, आणि बाईला किती दुखतं हे तिलाच विचारावं लागायचं. तिच्या शब्दावर विश्वास ठेवण्यावाचून दुसरं मोजमाप नव्हतं. शिवाय केगेलांचा व्यायाम स्वयंपाक करतानाही गुपचूप करता येतो. थीलेंच्या उपचारासाठी कोणाला तरी तोंड उघडून सांगावं लागतं.

हे चित्र पालटायला १९७७ साल उजाडलं. त्या वर्षी मेयो क्लिनिकच्या डॉक्टर मेहरशीद सिनाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेल्व्हिक फ्लोअरच्या ताणातून येणाऱ्या दुखण्यावर लेख लिहिला. त्याच वर्षी फिजिओथेरपिस्ट एलिझाबेथ नोबल यांच्या पुढाकारानं अमेरिकन फिजिकल थेरपी असोसिएशनमध्ये प्रसूती आणि स्त्रीरोगांसाठी स्वतंत्र विभाग निघाला. सुरुवातीला भर बाळंतपणावर होता. दुखणाऱ्या बायका हळूहळू येऊ लागल्या.

त्या किती असाव्यात? १९९६ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीचे आकडे प्रसिद्ध झाले. १८ ते ५० वयाच्या सुमारे १५ टक्के स्त्रियांना ओटीपोटाचं जुनं दुखणं होतं आणि त्यांतल्या ६१ टक्के जणींना कारण ठाऊक नव्हतं. हा आकडा वाचून मी वाचनालयात बराच वेळ नुसती बसून राहिले.

मग २०१२ साली एक नेटकी चाचणी प्रसिद्ध झाली. मूत्राशयाचं जुनं दुखणं आणि तळाचे हळवे स्नायू असलेल्या ८१ स्त्रियांचे दोन गट केले. एका गटाला सर्वांगाचं मालिश, दुसऱ्याला नेमक्या आखडलेल्या स्नायूंवर हातांनी उपचार. पहिल्या गटात २६ टक्के जणींना बरं वाटलं, दुसऱ्यात ५९ टक्के. म्हणजे थीलेंचा विचार अशा कसोटीला उतरायला पाऊणशे वर्षं लागली. ५९ म्हणजे १०० नव्हेत, हेही खरं. शिवाय एंडोमेट्रिऑसिससारखी कारणं असतात, त्यांची तपासणी आधी व्हायलाच हवी.

उपचारात प्रत्यक्ष काय होतं, असं ती मैत्रीण विचारत होती. आधी भरपूर बोलणं. मग तुमची परवानगी असेल तरच हातमोजा घालून आतून तपासणी. नको वाटलं तर कधीही थांबवता येते. आखडलेल्या जागांवर हलका दाब, पोटातून सावकाश श्वास, कंबर-मांड्यांचे ताण, आणि श्वास घेताना ती झोळी खाली सोडायला शिकणं. मला चार महिने लागले. आवळणं एका दिवसात जमलं होतं. सोडायला शिकणं जड गेलं.

हे सगळं मी आईला सांगलीला फोनवर सांगितलं. माझी आई कधी पाटावर नीट मांडी घालून बसायची नाही. एक गुडघा वर, अंग एका बाजूला कललेलं. आम्ही भावंडं तिला चिडवायचो. फोनवर ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुझ्या वेळेपासून आहे ते. बाईच्या जातीला असायचंच, म्हणून अंगावर काढलं." तिचं दुखणं माझ्यासारखंच होतं की वेगळं, ते आता कोण सांगणार? तिला कोणी विचारलंच नव्हतं, एवढं मात्र खरं.

तेव्हा मैत्रिणींनो, सहा महिन्यांहून जास्त दुखत असेल आणि सगळं नॉर्मल म्हणून घरी पाठवलं असेल, तर डॉक्टरांना एवढंच विचारा: "माझे पेल्व्हिक फ्लोअरचे स्नायू कोणी तपासलेत का?" अमेरिकेत सर्व राज्यांत कमी-अधिक प्रमाणात फिजिओथेरपिस्टकडे थेट जाता येतं, विम्याचे नियम तेवढे आधी पाहून घ्या. आणि पुढच्या हळदीकुंकवाला कोणी तिळगुळाचा डबा न्यायला आत आलं, तर तिलाही बसवून घ्या.