फरशीखालची पुस्तकं

आजची गोष्ट स्पेनची.

१८८४ साली अल्मोनासिद दे ला सिएरा या गावात एक जुनं घर पाडत होते. फरशी उखडली तर खाली आणखी एक तळ, आणि मधल्या पोकळीत दडवलेली हस्तलिखितं! पाडणाऱ्यांना त्यांची किंमत काय कळणार, काही पानं चक्क जळाली. उरलेली अभ्यासकांच्या हाती आली. लिपी अरबी, पण वाचायला घेतलं तर भाषा स्पॅनिश. याला अल्हामियादो म्हणतात. आपण व्हॉट्सॅपवर रोमन अक्षरांत मराठी टाइप करतो ना, तसंच काहीसं. फक्त आपण ते आळसापोटी करतो. यांच्याकडे असं पान सापडलं तर थेट इन्क्विझिशनसमोर उभं राहावं लागायचं.

हे लोक कोण? १४९२ च्या जानेवारीत ग्रानाडा शरण गेलं. तुमचा धर्म, मशिदी, काझी सगळं शाबूत राहील, असं करारात लिहून दिलं होतं. दहा वर्षंही टिकलं नाही. १४९९ मध्ये आर्चबिशप सिस्नेरोस आले, सक्तीची धर्मांतरं सुरू झाली, अरबी पुस्तकांची होळी झाली. (वैद्यकाची तेवढी वाचवली. उपयोगाचं ते ठेवायचं!) १५०२ मध्ये कास्तियात फर्मान निघालं: बाप्तिस्मा घ्या, नाहीतर देश सोडा. बरेच जण राहिले. त्यांना पुढे मोरिस्को म्हणू लागले.

आता माझा आवडता भाग. बऱ्याच उलेमांचं म्हणणं होतं, असा देश सोडणं हेच कर्तव्य. पण १५०४ मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या एका मुफ्तींनी या अडकलेल्या लोकांना वेगळंच कळवलं. दिवसा नमाज जमत नसेल तर रात्री पढा, नुसत्या खुणेनं पढलात तरी चालेल. वुजू शक्य नसेल तर भिंतीला हात पुसा. दारू पाजलीच तर प्या, मनात नकार ठेवा. मूर्तीपुढे वाकायला लावलं तर वाका, नियत अल्लाहकडे असू द्या. फतवा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर भलतंच काहीतरी येतं. हा वाचताना मात्र घरातला एखादा वडीलधारा माणूस हळू आवाजात बोलतोय असं वाटतं.

१५६७ मध्ये अरबी बोलणं, पारंपरिक पोशाख, हमाम, सगळ्यावर बंदी आली. शुक्रवारी घराचं दार उघडंच ठेवायचं, म्हणजे आत काय चाललंय ते दिसेल! लोक उठले, बंड चिरडलं गेलं. शेवटी १६०९ पासून पाचएक वर्षांत सुमारे ३ लाख मोरिस्कोंना हाकलून दिलं. त्यात मनापासून ख्रिस्ती झालेलेही होते. त्यांचं दुःख कुठल्याच बाजूच्या इतिहासात नीट बसत नाही.

पुष्कळ जण ट्युनिशियात पोचले. तिथे त्यांना उघडपणे नमाज पढता येत होती, पण बोलायचे ते स्पॅनिश. टेस्टूर नावाचं गाव त्यांनी वसवलं. तिथल्या मशिदीचा मिनार आजही पाहा, लांबून अगदी स्पेनमधल्या चर्चच्या घंटाघरासारखा दिसतो.