भत्ता कोणाचा, भार कोणाचा?

सरकारी नोकरीतल्या मित्रांची थट्टा करायची असली की मी हमखास विचारतो, "काय, टी.ए. बिल निघालं का?" मग सगळे हसतात. भत्ता म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पगारावरची वरकमाई येते. न केलेला प्रवास आणि न खाल्लेलं जेवण आठवतं. तसे नमुने आहेत, नाही असं नाही. पण मी शब्दांच्या धंद्यातला माणूस. भत्ता या शब्दाच्या मागे चालत गेलो आणि भलत्याच दारांशी जाऊन पोचलो.

संस्कृतात 'भक्त' म्हणजे शिजवलेलं अन्न. त्यावरून आपला भात आला. भत्ता हा शब्दही याच कुळातला असावा, असं काही अभ्यासक मानतात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'भक्तवेतन' अशी जोडीच येते. कामाला ठेवलेल्या माणसाला वेतन द्यायचं आणि अन्नही द्यायचं. त्याच ग्रंथात दूताच्या प्रवासाचा दर आहे. मध्यम प्रतीच्या दूताला योजनामागे दहा पण, आणि दहा योजनांपलीकडे शंभर योजनांपर्यंत दुप्पट. वाट लांबली की माणसाचा खर्च आणि हाल दोन्ही वाढतात, हे त्या काळच्या राज्यकर्त्यांनाही ठाऊक होतं.

कामासाठी केलेल्या प्रत्येक प्रवासाला खर्च असतो आणि तो कोणीतरी भरतोच. मालकाने भरला नाही तर कोण भरतो, एवढाच प्रश्न उरतो.

आपल्या मराठीने याचं उत्तर जपून ठेवलं आहे. आज मसाला म्हटला की फोडणी आठवते. जुन्या मराठीत मात्र मसाला ही वसुली होती. एखाद्याला सरकारात हजर करायला शिपाई निघाला की त्याच्या वाटखर्चाचे पैसे ज्याला बोलावणं आलं त्याच्याकडूनच घेत. मोल्सवर्थच्या कोशात हा अर्थ नोंदलेला आहे. मोहसल त्याचाच भाऊबंद. बाकी थकली की दारात मोहसल बसे, आणि बाकी फिटेपर्यंत त्याचं खाणंपिणं त्याच घरावर. आधीच ज्याच्या घरात दाणा नाही, त्याच्या ताटात आणखी एक वाटेकरी.

याला अपवादही होते. पेशवाईत पत्रं पोचवणाऱ्या जासुदाला ठरवून दिलेल्या मजुरीला अजुरा म्हणत. आमच्या घरातल्या बोलीत मजुरीला उजरत म्हणतात. अरबीतून निघालेला एकच शब्द दोन वाटांनी येऊन माझ्या अंगणात भेटला, याचं मला अप्रूप वाटतं.

शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या छावणीतल्या अंमलदारांना लिहिलेलं पत्र सर्वांना माहीत आहे. १६७० च्या दशकातलं ते पत्र. फौज पावसाळ्यासाठी मुक्कामाला आली होती. महाराजांनी बजावलं की शिबंदी आता भरधाव खर्च करील आणि मग लोकांच्या घरातून दाणा, भाकरी, गवत, भाजी आणू लागेल. तसं झालं तर रयत म्हणेल, याहून मोगल बरे. जे लागेल ते पैसे देऊन बाजारातून आणावं, ही त्यामागची शिस्त. आपण हे पत्र रयतेवरच्या प्रेमाचं म्हणून वाचतो. ते आहेच. पण मला त्यात हिशेबही दिसतो. राज्याच्या कामासाठी जो मुक्काम पडतो, त्याचा खर्च राज्याचा.

थोरल्या माधवराव पेशव्यांचीही अशीच एक गोष्ट ग्रँट डफने आपल्या १८२६ च्या इतिहासात सांगितली आहे. वसईच्या सुभेदाराचं मौल्यवान सामान गावकऱ्यांच्या डोक्यावरून वेठीने चाललं होतं. दिवस ऐन सुगीचे. माधवरावांनी ते सामान जप्त केलं, सुभेदाराकडून मोठी रक्कम वसूल करून त्या माणसांच्या मजुरीला लावली आणि वेठीविरुद्ध नव्याने हुकूम काढला. सुभेदाराचा प्रवास फुकटात होत होता खरा, पण शेतात उभं पीक कापायला माणूस नव्हता. ती फुकट वाहतूक शेतकऱ्याला किती महाग पडत होती, हे त्या तरुण पेशव्याला कळलं.

पुढे कंपनी सरकार आलं आणि भत्त्याला इंग्रजी शिक्का बसला. क्लाइव्हने १७६६ मध्ये बंगालच्या गोऱ्या अधिकाऱ्यांचा दुप्पट भत्ता बंद केला, तेव्हा त्यांनी एकजुटीने राजीनाम्यांचा कट केला. क्लाइव्हने तो मोडून काढला. पण खालच्या शिपायाची गोष्ट निराळी. १८२४ मध्ये बराकपूरच्या ४७ व्या देशी पलटणीला ब्रह्मदेशच्या लढाईवर निघण्याचा हुकूम झाला. शिपायांची भांडीकुंडी वाहायला बैल हवे होते. लढाईमुळे बैल मिळेनात, मिळाले तर भाव आभाळाला भिडलेले. आणि ते भाडं शिपायांनी आपल्याच पगारातून द्यायचं. त्यांनी बैल मागितले, वाढीव भत्ता मागितला, अर्ज केला. २ नोव्हेंबरच्या सकाळी त्यांच्यावर तोफा चालल्या. बिंदी तिवारी नावाच्या शिपायाला फाशी झाली. प्रवासखर्चाच्या एका मागणीचा हा शेवट.

आपलं हिंगोलीही छावणीचंच गाव. निजामाच्या नावाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीत चालणाऱ्या हैदराबाद कंटिंजंट फौजेची एक छावणी इथे होती. फौज इंग्रजांच्या तंत्राने चाले, तिचा खर्च मात्र निजामाच्या खजिन्यावर. थकबाकी साचत गेली आणि १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. पैनगंगा ओलांडली की सुरू होणारा तो मुलूख फौजेच्या पगारापायी गेला. १९०३ मध्ये ती फौज इंग्रजांच्या हिंदुस्थानी लष्करात मिसळली.

खजिन्याच्या हिशेबात निदान थकबाकी लिहिली जात होती. खेड्यातल्या माणसाची थकबाकी कुठेच लिहिली गेली नाही. माझे आजोबा, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, गाडीवान होते. निजामाच्या काळात अंमलदाराचा दौरा निघाला की गावातल्या गाड्या धरल्या जात. दादा सांगायचे, "मृगाचा पाऊस पडलेला, वापसा आलेला, आणि माझे बैल साहेबाचा तंबू ओढत दुसऱ्या गावाला." भाडं कधी हातात पडलं नाही. ते सरकारी बिलात लागत असणार, असा दादांचा कायमचा संशय होता. खरंखोटं आता कोण सांगणार? पण त्या वर्षी पेरणी मागे पडली, हे खरं.

दादांकडे निदान गाडी होती. ज्यांच्याकडे फक्त डोकं आणि पाठ होती, त्यांच्या वाट्याला ओझं आलं. साहेबाचं सामान एका गावच्या शिवेपासून दुसऱ्या शिवेपर्यंत पोचवणं, टपाल नेणं, वर्दी देणं ही कामं महारांच्या माथी होती. १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात महार वतनासंबंधीचं विधेयक आणलं. चोवीस तास बांधलेली ही चाकरी सरकारची. घरचा कर्ता नसेल तर घरातल्या दुसऱ्याला धरतात. आणि मोबदला म्हणून थोडी जमीन आणि गावाने दिलं तर बलुतं. काम सरकारचं असेल तर पगार सरकारने द्यावा, हे त्यांचं सरळ म्हणणं होतं. १९२९ मध्ये विधेयक मागे घ्यावं लागलं. मुंबई राज्यात ही वतनं रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ उजाडलं. आपला मराठवाडा १९४८ मध्ये निजामाच्या राज्यातून सुटला आणि २६ जानेवारी १९५० पासून संविधानाच्या २३ व्या कलमाने वेठबेगारीवर देशभर बंदी आली. दादांना कलम ठाऊक नव्हतं. "आता गाडी धरत नाहीत," एवढंच ते म्हणायचे.

लहानपणी मशिदीत ऐकलेला एक प्रसंग मला या संदर्भात नेहमी आठवतो. इस्लाममध्ये जकात गोळा करणाऱ्या कर्मचाऱ्याचा मोबदला त्या जकातीतूनच द्यावा, असं कुराण सांगतं. प्रेषितांनी एका माणसाला वसुलीवर पाठवलं. परत आल्यावर तो म्हणाला, हे तुमचं आणि हे मला लोकांनी भेट दिलेलं. प्रेषित रागावले. तो आईबापाच्या घरी बसून राहिला असता तर या भेटी चालत आल्या असत्या का, असं त्यांनी विचारलं. चौदाशे वर्षांपूर्वीचा हा प्रश्न आजच्या कुठल्याही दौऱ्याला लागू पडतो.

म्हणून मला वाटतं, भत्ता ही नोकराची चैन नव्हे, ती रयतेच्या दाराची कडी आहे. अधिकाऱ्याचं जेवण आणि गाडीचं तेल सरकारने भरलं, तर सरपंचाच्या ओसरीवरचा चहा हा नुसता पाहुणचार राहतो. नाहीतर त्याचा मसाला होतो. तलाठी, ग्रामसेवक यांना कायम प्रवास भत्ता असतो, त्यामागे हेच शहाणपण आहे. तो खोटा उचलणारा माणूस सरकारला बुडवतोच, शिवाय खऱ्या भत्त्यावरचा लोकांचा विश्वासही बुडवतो.

आणि ज्यांना तो पुरता मिळत नाही, त्यांचं काय? आमच्या भागात आशाताई गरोदर बाईसोबत रात्री-बेरात्री दवाखान्यात जाते. तिला पगार नाही, मानधन आहे आणि ठरलेल्या कामामागे मोबदला आहे. शहरात घरोघर जेवण पोचवणारा मुलगा स्वतःच्या मोटारसायकलीत स्वतःच्या पैशाने पेट्रोल भरतो. बैलाच्या जागी मोटारसायकल आली. भाडं अजून शिपायाच्याच खिशातून जातं आहे.

दादा गेले त्याला बरीच वर्षं झाली. त्यांच्या गाडीचं एक चाक अजून आमच्या वाड्याच्या भिंतीला टेकून आहे. त्याच्या त्या मृगातल्या फेऱ्यांचं भाडं यायचं राहिलं आहे.

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचे संपादित रूप)