इंग्रजी शिकविण्याच्या रीती : जुन्या आणि नव्या

"आमचे आजोबा नुसते मॅट्रिक, पण त्यांचे इंग्रजी आजच्या पदवीधराला लाजवील असे!" हे वाक्य आपल्याकडे घरोघर ऐकू येते. आणि त्याच्या पाठोपाठ त्याचे कारणही ऐकू येते : "त्यांनी तर्खडकर केला होता ना!" पुस्तक 'वाचले' नव्हे, 'शिकले' नव्हे, तर 'केला'. एखादे व्रत करावे तसा तर्खडकर करायचा असे. मग या नव्या पद्धती कशाला आणल्या, असा प्रश्न साहजिकच पुढे येतो. त्याचे उत्तर द्यायचे तर थोडे मागे जावे लागेल.

तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेची रीत मोठी सरळ. आधी नियम सांगायचा, मग शब्द द्यायचे, आणि मग वाक्ये : इंग्रजीची मराठीत करा, मराठीची इंग्रजीत करा. ही रीत मुळात युरोपातली. तिथल्या शाळांतून लॅटिन अशाच प्रकारे शिकवीत. लॅटिनमध्ये कुणाला बाजारहाट करायची नव्हती; जुने ग्रंथ वाचता आले म्हणजे झाले. पुढे फ्रेंच, जर्मन अशा चालत्याबोलत्या भाषा शाळेत आल्या, तेव्हा त्यांनाही तोच साचा लावला गेला. घोटाळा झाला तो इथे.

हा घोटाळा फ्रान्स्वा ग्वँ या फ्रेंच शिक्षकाने स्वतः भोगला. जर्मन शिकण्यासाठी हे गृहस्थ हँबुर्गला गेले. व्याकरण पाठ केले, धातू पाठ केले, आणि शेवटी शब्दकोशातले 30,000 शब्दही पाठ केले! इतके करून जर्मन माणूस बोलू लागला की यांना अक्षर कळेना. हात हलवीत घरी परतले, तो त्यांचा तीन वर्षांचा भाचा या अवधीत मातृभाषा घडाघडा बोलू लागला होता. ग्वँ यांनी 1880 साली आपले पुस्तक लिहिले ते या अनुभवावर. त्याच्या आगेमागेच, 1878 साली, बर्लिट्झ यांनी अमेरिकेत आपली पहिली भाषाशाळा काढली आणि तिथे विद्यार्थ्याच्या भाषेला दाराबाहेर बसविले. 1882 साली जर्मनीत व्हिएटर यांनी पत्रक काढून भाषाशिक्षणाने आता तोंड फिरविले पाहिजे अशी हाक दिली. ही झाली 'डायरेक्ट मेथड', म्हणजे प्रत्यक्ष पद्धत. वस्तू दाखवा, कृती करा, नवी भाषाच बोला, भाषांतर नको.

आपल्याकडे हा विचार हिरिरीने मांडला तो मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात काम करणाऱ्या पी. सी. रेन यांनी. हिंदुस्थानातल्या शाळांत इंग्रजी प्रत्यक्ष पद्धतीने कसे शिकवावे, यावर त्यांचे पुस्तक 1911 साली निघाले. आता गंमत पाहा. हेच ते 'रेन अँड मार्टिन'मधले रेन! 1930 नंतरच्या दशकात निघालेले त्यांचे आणि मार्टिन यांचे जाडजूड व्याकरण अजून विद्यार्थ्यांच्या टेबलावर आहे, आणि 1911 चे ते पुस्तक मात्र शिक्षणाच्या अभ्यासकांखेरीज कुणाला ठाऊक नाही. प्रत्यक्ष पद्धतीचा पुरस्कर्ता आपल्या स्मरणात उरला तो व्याकरणकार म्हणून.

असे का झाले? त्यात लोकांचा हट्ट नव्हता. बर्लिट्झच्या वर्गात मोजकी, हौसेने आलेली मंडळी. शिकविणाऱ्याची ती बहुधा जन्मभाषा. आपल्या मास्तरांपुढे पन्नास-साठ पोरे, आणि मास्तर स्वतः भाषांतर करकरून इंग्रजी शिकलेले. तासभर अस्खलित इंग्रजी बोला म्हटले तर त्यांनी कुठून आणावे? पुस्तकाचे तसे नसते. गावात इंग्रजी जाणणारे कुणी नसले, तरी कंदिलाच्या उजेडात तर्खडकर एकट्याने करता येतो. ही त्या जुन्या रीतीची खरी ताकद, आणि ती मान्य केली पाहिजे.

पण म्हणून आजोबांचे इंग्रजी तर्खडकरांनीच घडविले, असे म्हणता येईल का? इथे आपण एक गोष्ट विसरतो. त्या काळी हायस्कुलात इंग्रजी हा नुसता विषय नव्हता. वरच्या इयत्तांतून ते शिक्षणाचे माध्यम होते. इतिहास इंग्रजीत, भूमिती इंग्रजीत. तर्खडकर रोजचा एखादा तास. बाकी सारा दिवस इंग्रजी कानावर पडे, ते वाचावे आणि लिहावे लागे. शिवाय मॅट्रिकपर्यंत पोहोचत ते थोडके, चाळणीतून गाळून उरलेले. जे गळले त्यांचे इंग्रजी कसे होते, ते आज कुणी सांगत नाही.

या गळलेल्यांचा विचार एका माणसाने मात्र केला. मायकेल वेस्ट हे ढाक्याच्या शिक्षक महाविद्यालयाचे प्राचार्य. बंगालमधल्या द्वैभाषिकतेवरचा त्यांचा ग्रंथ 1926 साली प्रसिद्ध झाला. त्यांनी पाहिले की बहुतेक मुले शाळा मध्येच सोडतात. मग त्यांनी विम्याच्या धंद्यातला एक शब्द उचलला : 'सरेंडर व्हॅल्यू'. पॉलिसी मध्येच मोडली तर हाती काही रक्कम येते ना, तसे इंग्रजी मध्येच सोडणाऱ्या मुलाच्या हाती काय येते? चार वर्षे नियम घोकून पाचव्या वर्षी शाळा सुटली, तर शून्य. म्हणून वेस्ट म्हणाले, आधी वाचायला शिकवा. मोजके, नेहमी लागणारे शब्द घ्या आणि तेच पुनःपुन्हा भेटतील असे सोपे धडे लिहा. म्हणजे मूल जिथे थांबेल तिथे त्याच्यापाशी काहीतरी असेल. वेस्टच्या वाचनावरील भराविषयी मतभेद आहेत, आणि असावेत. पण त्यांचा प्रश्न मला सर्व पद्धतींहून मोलाचा वाटतो.

पुढचा इतिहास या प्रश्नाच्या कसोटीवर घासून पाहा. स्वातंत्र्याच्या आगेमागे माध्यम मातृभाषा झाले, आणि ते योग्यच झाले; मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपासून सुरू करण्याचे धोरण आले. सारा दिवस मिळणारे इंग्रजी आता एका तासावर आले. मग वाक्यरचनांची चढती श्रेणी लावणारी 'स्ट्रक्चरल' पद्धत आली. 1958 साली हैदराबादला इंग्रजीची केंद्रीय संस्था निघाली. मास्तर दाराकडे चालू लागले आणि "आय अ‍ॅम गोइंग टु द डोअर" म्हणू लागले. वर्गाने ते साठ तोंडांनी म्हटले. रचना पक्क्या झाल्या. पण दाराकडे का जायचे, ते कुणी सांगितले नाही! ही उणीव एन. एस. प्रभू यांनी ओळखली. 1979 ते 1984 या काळात बंगळूरच्या प्रकल्पात त्यांनी दक्षिणेतल्या साध्या शाळांतल्या मुलांना रेल्वेचे वेळापत्रक दिले, नकाशे दिले, आणि कोडी सोडवायला लावली. लक्ष कामावर, भाषा त्या ओघात यावी. याच प्रभूंनी 1990 साली लिहिले की सर्वोत्तम अशी एकच पद्धत नाही. आपण काय आणि का करतो आहोत, याची शिक्षकाला आतून उमज हवी.

2000 साली महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आले. ती मुले पुढे आमच्या महाविद्यालयात आली. बारा वर्षे इंग्रजी शिकलेला हुशार मुलगा तासाला शंका विचारायला उभा राहतो, दोन शब्द बोलतो, आणि मान खाली घालून बसतो. "सर, मराठीत विचारू का?" हे तो चोरट्यासारखे विचारतो. त्याच्या हाती काय आले? इंग्रजी तर आले नाहीच. वर आपल्या भाषेची लाज मात्र आली. बर्लिट्झने मातृभाषेला दाराबाहेर बसविले होते. तिला आत घ्यायची वेळ झाली आहे. वेल्समधल्या डॉडसन यांनी 1967 साली मांडलेली द्वैभाषिक पद्धत हेच सांगते : अर्थ मातृभाषेत एका वाक्यात सांगून मोकळे व्हा, आणि उरलेला सारा वेळ इंग्रजीच्या सरावाला द्या. पेन दाखवून 'पेन' कळते. 'जबाबदारी' कशी दाखविणार?

तेव्हा जुने की नवे, हा वाद मला फारसा कामाचा वाटत नाही. तर्खडकरांकडून मराठीचा आधार घ्यावा, रेनकडून बोलण्याचा आग्रह घ्यावा, प्रभूंकडून हाताला काम घ्यावे. आणि दर वर्षाच्या शेवटी वेस्टचा प्रश्न विचारावा : हे मूल उद्या शाळेत आले नाही, तर औषधाच्या बाटलीवरची सूचना त्याला वाचता येईल का? बँकेचा अर्ज भरता येईल का? अनोळखी माणसाला रस्ता सांगता येईल का? उत्तर 'हो' असेल, तर पद्धतीचे नाव काहीही असो, मास्तरांचे वर्ष सार्थकी लागले असे समजावे.