सत्तावनचा शिपाई आणि आपली वंशावळ

मुंबई रस्त्याच्या दुतर्फा विस्तारलेल्या कुकटपल्लीत नांदेड, लातूर, बीदर, सोलापूर या भागांतून आलेली मराठी कुटुंबे स्थायिक झालेली आहेत. अशा घरांतून पूर्वजांचा विषय निघाला म्हणजे ‘आमचे खापरपणजोबा सत्तावन साली झाशीला लढले’ असे एखादे वाक्य कानी पडते. वाक्य अभिमानाचे असते, आणि कदाचित खरेही असते. परंतु ते झाशीला कोणाच्या बाजूने लढले, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. निजामी मुलखातून आलेल्या घराण्यांना तो टाळून चालणार नाही.

याचे कारण त्या काळच्या लष्करी व्यवस्थेत आहे. हैदराबाद राज्यात तेव्हा तीन प्रकारच्या फौजा होत्या. पहिली निजाम सरकारची स्वतःची. तीत अरब, रोहिले, शीख अशा नाना जमातींचे लोक असत. दुसरी सिकंदराबादेस असलेली कंपनीची तैनाती फौज. तिसरी हैदराबाद कंटिंजंट. हिचा खर्च निजामावर आणि अंमल इंग्रज अधिकाऱ्यांचा. या खर्चापोटीच १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. कंटिंजंटची ठाणी बोलारम, औरंगाबाद, हिंगोली, मोमिनाबाद (अंबाजोगाई) अशा ठिकाणी होती, म्हणजे बहुतांशी मराठी मुलखातच होती.

या एकाच कंटिंजंटने सत्तावनमध्ये दोन्ही बाजू पाहिल्या. जून १८५७ मध्ये औरंगाबादच्या पहिल्या रिसाल्यात बंडाळी झाली. आपल्याला दिल्लीच्या बादशहाविरुद्ध नेले जाणार, या समजुतीने स्वार बिथरले होते. जनरल वुडबर्नच्या फौजेने ती बंडाळी मोडली आणि कित्येकांना देहान्त शिक्षा झाल्या. जमादार चिदाखान काही साथीदारांसह निसटून हैदराबादेस आला. पण दिवाण सालारजंग यांनी त्याला पकडून रेसिडेंटच्या हवाली केले. या कैद्यांच्या सुटकेची मागणी पुढे करून १७ जुलै १८५७ रोजी तुर्रेबाजखान व मौलवी अल्लाउद्दीन यांच्या नेतृत्वाखाली रोहिल्यांनी कोठीच्या रेसिडेन्सीवर हल्ला चढविला. हल्ला फसला. तुर्रेबाजखान पुढे कैदेतून निसटला आणि जानेवारी १८५९ मध्ये तूप्रानजवळ मारला गेला. मौलवींना काळ्या पाण्यावर धाडण्यात आले. मराठी नावांपैकी कौलास भागातील रंगराव पागे यांचे नाव येथे घेतले पाहिजे. नानासाहेब पेशव्यांशी संधान बांधून त्यांनी उठावाची जुळवाजुळव केली. त्यांनाही अंदमानास पाठविण्यात आले आणि १८६० मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला.

परंतु त्याच कंटिंजंटच्या दुसऱ्या तुकड्या १८५८ मध्ये सर ह्यू रोज याच्या हाताखाली मध्य हिंदुस्थानात गेल्या आणि झाशी, कोंच, काल्पी या लढायांत राणी लक्ष्मीबाई व तात्या टोपे यांच्याविरुद्ध लढल्या. तेव्हा ‘झाशीला लढले’ हे वाक्य दोन्ही बाजूंच्या शिपायांच्या वंशजांना सारख्याच सत्यतेने म्हणता येते.

घरातील आठवण एवढ्यावर का थांबली, याचेही उत्तर इतिहासात सापडते. १८६० च्या तहाने इंग्रजांनी नळदुर्ग-धाराशिवचा प्रदेश व रायचूर दुआब निजामाला परत केला आणि जप्त केलेले शोरापूर संस्थान त्याला दिले. सत्तावनमधील निष्ठेचे हे बक्षीस होते. अशा राज्यात १९४८ पर्यंत बंडवाल्याच्या वंशजाने तोंड मिटून राहणेच शहाणपणाचे होते. फौजेतील नोकरी मात्र उघडपणे सांगता येई. स्वातंत्र्यानंतर, विशेषतः १९५७ च्या शताब्दीनंतर, मानाची बाजू बदलली. शिपाई तोच राहिला. त्याच्याविषयी काय सांगावे आणि काय गाळावे, हे मात्र पिढीनुसार बदलत गेले.

मग शोध कसा घ्यावा? प्रथम पिढ्या मोजाव्यात. १८५७ मध्ये पंचविशीत असलेला शिपाई १८३२ च्या सुमारास जन्मलेला. एका पिढीस तीस वर्षे धरली, तर १९५० च्या आसपास जन्मलेल्या माणसाचा तो खापरपणजोबा ठरतो. घरची कथा त्याला आजोबा म्हणत असेल, तर मधल्या पिढ्या गळाल्या आहेत असे समजावे. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत गाव व आडनावानुसार यात्रेकरूंच्या पिढ्यांची नोंद असते. ही गळती तेथे भरून निघू शकते.

त्यानंतर घरातील वस्तू पाहाव्यात. देव्हाऱ्याशेजारच्या डब्यात व्हिक्टोरिया राणीच्या मुखवट्याचे, पांढऱ्या फितीवर दोन तांबडे पट्टे असलेले पदक सापडले, तर ते सत्तावनच्या मोहिमेसाठी इंग्रज सरकारने दिलेले पदक होय. त्याच्या कडेवर शिपायाचे नाव कोरलेले असू शकते. वर ‘सेंट्रल इंडिया’ अशी पट्टी असेल, तर तो मध्य हिंदुस्थानच्या मोहिमेत इंग्रजांकडून लढला, यात शंका उरत नाही. बंडवाल्याला पदक कोण देणार? त्याचे नाव सापडलेच तर खटल्याच्या कैफियतीत, फरारी लोकांच्या यादीत किंवा अंदमानच्या कैद्यांत. म्हणजे ज्यांनी त्याला शिक्षा केली त्यांच्याच दप्तरात. तेथे त्याला गुन्हेगार म्हटलेले असेल. तो शब्द लिहिणाऱ्याचा आहे हे ध्यानी ठेवून नाव, गाव, बापाचे नाव व तारीख तेवढी टिपून घ्यावी. हैदराबादेत तारनाका येथील राज्य अभिलेखागारात निजामी अमलाची दप्तरे आहेत. पण ती वाचण्यास फारसी, उर्दू व मोडी जाणणारा सोबती हवा.

या शोधाचे फळ मनाजोगे येईलच असे नाही. पूर्वज राणीच्या विरुद्ध लढला असे निघाले, तरी तो आपला पूर्वजच राहतो. महिन्याच्या पगारावर कच्चीबच्ची पोसणाऱ्या त्या माणसाला बाजू निवडण्याची मोकळीक किती होती, याचाही विचार करावा. मात्र पुराव्यावाचून त्याला क्रांतिवीर ठरविणे म्हणजे जे खरोखर फासावर गेले आणि ज्यांच्या वंशजांना नाव लपवावे लागले, त्यांचा मान दुसऱ्याला देणे होय.

ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त सभासदांना एवढीच विनंती, की घरातील वडीलधाऱ्यांकडून ऐकलेली हकीकत त्यांच्याच शब्दांत, सांगणाऱ्याच्या नावासह व तारखेसह लिहून काढावी. मोडी कागद रद्दीत घालू नयेत. त्यांची एक प्रत ग्रंथालयाच्या स्वाधीन करावी. घरोघरच्या अशा टिपणांतून सत्तावनच्या शिपायांची यादी तयार झाली, तर तीत दोन्ही बाजूंची नावे येतील, आणि दोन्ही बाजूंची नावे असलेली यादीच पुढच्या अभ्यासकाच्या उपयोगी पडेल.